दुपारी बंद पडणारा डेटाबेस

परवा कुकर लावत होते, तेवढ्यात जुन्या ऑफिसातून फोन आला: आमचे गुडगावचे खन्नासाहेब गेले. त्यांचा एक किस्सा तुम्हाला सांगायचाच राहिलाय.

तेव्हा नेटवर्क नवीन होतं आणि सगळ्या ऑर्डर एकाच डेटाबेसमध्ये असायच्या. रोज दुपारी एकला सगळ्यांना तीच एरर यायची: फाइल दुसऱ्या कुणीतरी लॉक केली आहे. साहेबांनी जाहीर केलं, "जिसकी गलती होगी, वो कल से घर बैठेगा."

केबल बदलून झाल्या. मग आमचा सिस्टिमवाला अविनाश दोन दिवस नुसता कोण कधी जेवायला उठतं ते बघत बसला. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, जेवायला जाताना फाइल लॉक करता?"

"अर्थात! आधीच्या सरकारी ऑफिसात रजिस्टर कपाटात ठेवून, कुलूप लावूनच डबा उघडायचो."

"बिल्कुल बरोबर. फक्त आता कपाटात अख्खं ऑफिस अडकतंय."

मला साहेबांचं 'घर बैठेगा' आठवलं. नोकरीला महिनाच झाला होता. तो सरळ केबिनमध्ये गेला. "सर, सेटिंग मैंने गलत रखी थी." साहेब बाहेर येऊन सगळ्यांदेखत त्याला खूप बोलले. काढलं मात्र नाही. दुसरा सिस्टिमवाला होता कुठे?

पुढे मी त्याच्याशीच लग्न केलं. पंगतीत साहेब मला म्हणाले, "लड़का अच्छा है, बस थोड़ा लापरवाह है." मी हसून त्यांना जिलबी वाढली.

अविनाशला जाऊन तीन वर्षं झाली. साहेबांना खरं सांगायचं राहूनच गेलं.