दानाचे आंबे

थायलंडमध्ये, नोन्थबुरीच्या बाजारात विलाई आंबेवालीपुढच्या रांगेत उभी होती. तिच्यापुढे जर्मन हेल्मुट, हातात बायकोची पिशवी.

"मावशी, आंबे जरा कमी करून द्या. जुनं गिऱ्हाईक आहे."

"अगंबाई, काका थाई बोलायला लागले! इतकी वर्षं नुसती पिशवी धरायचात."

"पिशवी धरून ऐकत होतो."

"लमाई कुठंय?"

"गेली. उद्या तिला जाऊन शंभरावा दिवस. तिच्या नावानं आंबे भिक्खूंना द्यायचेत."

"अरेरे... पण काका, दानाच्या फळांचा कुणी भाव करतं का?"

"ती करायची. म्हणायची, भाव केला नाही तर मावशीला वाटेल मी रागावले."

"खरंय. घ्या, केले कमी. आणि हे दोन वर, माझ्याकडून तिला."

"फार उपकार झाले, मावशी."

"उपकार कसले? परवा या. भाव चढाच सांगेन, नीट भांडा."