दाजींचा स्टार्टर

आमच्या टेमघरच्या दाजींची परवाची तऱ्हा ऐका. पोराचा साखरपुडा होता, जीपमध्ये माणसं कोंबलेली, आणि चावी फिरवली की नुसतं टक-टक. इंजिन ढिम्म.

“स्टार्टर गेला!” म्हणत दाजींनी स्टार्टर हातोड्याने बडवला, मग मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

ताई म्हणाली, “अहो, बॅटरी तरी बघा.”

“बॅटरी नवीन हाय! दसऱ्याला पूजा केलीय तिची!”

बघतो तर बॅटरीच्या टर्मिनलवर हळदीकुंकवाचा थर आणि वायरीच्या फटीत घट्ट बसलेला पेढा. मी वायर काढून सगळं खरवडलं. चावी फिरवताच गाडी सुरू!

दाजींनी हात जोडले. “बघितलं? देव पावला!” आणि साखरपुड्याच्या ताटातला ताजा पेढा तिथंच दाबला.

ताईने रिक्षा थांबवली.