तीळ डाव्या गालावर

पासपोर्टच्या फोटोसाठी थांबलेल्या शिक्षिकेचं लक्ष पुढच्या बापलेकीकडे गेलं. जुन्या निगेटिव्हवरून काढलेला फोटो म्हातारबुवा सारखा डोळ्यांजवळ नेत होते.

“ही तुझी आई नव्हे. तिचा तीळ डाव्या गालावर होता.”

“निगेटिव्ह पालथी लागली असेल, बाबा. डावं-उजवं बदललं, एवढंच.”

“एवढंच? चाळीस वर्षं बघितलाय मी तो तीळ!”

“खरंय. आमच्या प्रयोगशाळेतल्या कणांनाही ते चालत नाही. नुसतं डावं-उजवं उलटवलं की नियम मोडतो. जोडीला त्यांच्या विद्युतभाराचं अधिकाचं उणं केलं, तरी फरक उरतोच.”

“मग जुळतं कधी?”

“तिसरी गोष्ट केली की. काळही उलटा चालवायचा. तिन्ही एकदम केल्या, तर नियम जसाच्या तसा. पण ते कागदावर, बाबा.”

“फोटोही कागदावरच काढतात.”

“आजोबा, पाच मिनिटांत सुलटा काढून देतो,” फोटोवाला म्हणाला.

“काळ्याचं पांढरं तर तुम्ही केलंतच. आता डावं-उजवंही कराल?”

“करतो की.”

“आणि तिसऱ्या गोष्टीला किती वेळ लागेल?”

“बाबा, चला, बसा जरा.”

“लागू दे कितीही. मी थांबतो.”