उतरायचं कोणी?

...आणि वर मलाच विचारतो, 'ताई, जीपला तू काय करून ठेवलंयस?' मी! मी काय करून ठेवलंय! अरे, ज्या जीपच्या गादीत उंदरांनी बाळंतपणं केली, जिच्या बुडाला एवढं भोक होतं की बसल्या जागेवरून खालची मुंगी दिसावी, ती जीप मी रस्त्यावर आणली, आणि तू ती सकाळी मागून नेलीस, दुपारच्या आत चिखलात घातलीस, आणि फोन करून मला विचारतोस, तू काय करून ठेवलंयस? तुम्हाला सांगते, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! फोन हातात होता म्हणून वाचला, पोळपाट असता तर फेकला असता!

थांबा. पहिल्यापासून सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, ही बाई सख्ख्या भावाच्या नावाने उगीच बोटं मोडतेय. उगीच नाही हो मोडत. चांगलं कारण आहे, आणि ते कारण चाळीशी उलटली तरी मला 'तू उतर ना' म्हणतं!

आमचे बाबा विजेच्या खात्यात. डोंगरातून मोठाल्या तारा जातात ना, त्यांचे खांब तपासत हिंडायचं, हे काम. खात्याने टाकून दिलेली एक जीप त्यांनी विकत घेतली आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना घेऊन पुन्हा तेच खांब बघायला निघायचे. हौस! दुसरे बाप मुलांना बागेत नेतात, आमचे खांब दाखवायला नेत. आणि खांब काय रस्त्याकडेला असतात? चिखल, ओढे, चढ... जीप रुतायचीच.

आता ही जीप चारी चाकांनी ओढणारी. पण कशी ओढणारी? जुन्या काळची! आत एक छोटा दांडा असतो, तो ओढायचा, हे खरं. पण नुसता दांडा ओढून काहीही होत नाही. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध एक चकती असते, ती खाली उतरून, हाताने, करकचून फिरवायची. फिरवली की पुढची चाकं इंजिनाशी जोडली जातात. नाही फिरवली तर ती आपली नुसती बरोबर फिरतात, बाजारात बायकोबरोबर आलेल्या नवऱ्यासारखी. कष्ट सगळे मागच्यांना!

मग जीप रुतली की बाबा काय म्हणायचे? स्टीअरिंग धरून, मान न वळवता, 'चला, चकत्या!' आणि उतरायचं कोणी? मी!

भाऊ नाही हं. 'तो लहान आहे.' 'त्याला सर्दी होते.' 'त्याचे बूट नवे आहेत.' माझे बूट काय चिखलासाठीच जन्माला आले होते? मी उतरायची, गुडघाभर चिखलात, एक चकती फिरवायची, बॉनेटला धरत पलीकडे जायचं, दुसरी फिरवायची, 'झालं!' म्हणून ओरडायचं. आणि आत? आत बाबांच्या शेजारी उंच गादीवर बसून आमचे बंधुराज काय करायचे? दांडा ओढायचे! दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन! गाडी गुरगुरत बाहेर यायची आणि बाबा त्याच्या पाठीवर थाप मारायचे, 'शाबास रे वाघा! काढलीस गाडी!'

वाघ!

मला काय मिळायचं, तर बाबांचा रुमाल. हात पुसायला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा तो रुमालही फार वाटायचा. वाटायचं, माझ्यावाचून गाडी हलत नाही हे बाबांना माहीत आहे, म्हणून तर मलाच उतरवतात. आणि मी पुन्हा चढले की मागे! पुढची जागा वाघाची.

तर बाबा गेले. वाटणी झाली. घर भावाला, कारण तो तिथेच राहतो, आणि त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तो म्हणाला, 'ताई, तुला काय हवं?' मी म्हटलं, 'जीप.' हसला हो! भावजयही हसली, तोंडावर हात ठेवून, पण हसली. 'ने ना,' म्हणे, 'तेवढंच अंगण मोकळं होईल. भंगारवाला तर उचलायचेच पैसे मागत होता.' हे वाक्य लक्षात ठेवा. 'अंगण मोकळं होईल.' पुढे कामाला येणार आहे.

दोर बांधून ओढत आणली. मागच्या परसात ठेवली. आणि मग सुरू झाला तो तमाशा! मिस्त्री आला. गाडीभोवती फिरला, चाकाला लाथ मारली, आणि बोलला कोणाशी? आमच्या ह्यांच्याशी! 'साहेब, इंजिन उतरवावं लागेल.' आता आमचे हे. देवमाणूस आहेत, पण घरातला बल्ब बदलायचा तर स्टुलावर मी चढते आणि हे खालून 'जपून' म्हणतात. मी म्हटलं, 'मिस्त्री, आधी टाकी बघा, आत गंज धरलाय, तो कार्बोरेटरमध्ये उतरलाय.' मिस्त्री ह्यांच्याकडे वळून म्हणतो, 'साहेब, टाकीत गंज असणार.' हे म्हणतात, 'असणार, असणार.' अहो, मी काय पडद्यामागून बोलत होते का?

सुट्या भागांच्या दुकानात तीच गत. मी म्हटलं, 'पुढच्या एक्सलचं सील द्या.' दुकानदार म्हणतो, 'कोणी पाठवलं?' म्हटलं, 'कोणी नाही.' 'मग कोणाला हवंय?' 'मला!' 'तुम्हाला कशाला हवंय?' म्हटलं, 'गळ्यात घालायला!' अहो, जीपचं सील जीपला लावतात, दुसरं काय करतात त्याचं? तरी म्हणालाच, 'एकदा साहेबांना विचारून या.'

पण केली. सगळी केली. उंदरांचं घरटं काढलं, त्यात माझा लहानपणीचा एक मोजा सापडला, चिखलाने कडक झालेला! बुडाला नवा पत्रा मारून घेतला, ब्रेकच्या नळ्या बदलल्या, वायरी तर सगळ्या नव्या, जुन्यांचा नुसता भुगा झाला होता. आणि गाडीखाली सरपटत जाऊन ग्रीस भरायला उतरायचं कोणी? मी! मिस्त्रीची कंबर धरलेली आणि ह्यांना गाडीखाली गेलं की गुदमरतं.

राहता राहिल्या चकत्या. गंजून अशा बसल्या होत्या की फिरायचं नाव नाही. मिस्त्री म्हणतो, 'साहेब, हे काढून टाकू, साधी टोपणं बसवू. शोभेला छान दिसतील. तसंही चिखलात कोण नेणार?' हे म्हणाले, 'बसवा, बसवा.' मी ओरडलेच! म्हटलं, 'हात लावायचा नाही! टोपणंच बसवायची तर मग अंगणातल्या तुळ... नाही, अंगणातल्या पिंपाला चाकं लावून फिरवते की!' रोज संध्याकाळी कामावरून आले की चकत्यांवर डिझेल सोडायचं, लाकडी हातोडीने हलकेच ठोकायचं, पकड लावायची, जोर करायचा. रोज. शेजारीण विचारायची, 'काय करता हो रोज चाकाशी बसून?' काय सांगणार? आणि एके दिवशी... कट्ट! फिरली. आधी उजवी, मग डावी. बोटांना तो खटका कळला मात्र, आणि मी तिथेच मातीत बसून रडले. अगदी हमसून. हे बाहेर आले, म्हणाले, 'लागलं का कुठे?' म्हटलं, 'हो, लागलं.'

गाडी सुरू झाली. धुराचा लोट निघाला, खोकली, पण सुरू झाली! आणि गाडीच्या धुराचा वास भावाला कसा पोचला देव जाणे, दुसऱ्या रविवारी सकाळीच दारात हजर. सहकुटुंब! जीपवरून हात फिरवतोय, डोळे भरलेत, 'बाबांची जीप... ताई, बाबांची जीप!' भावजय म्हणते, 'आमच्या दारात उभी राहिली की काय शोभेल नाही?' आणि तो म्हणतो, ऐका हं, म्हणतो, 'खरं म्हणजे ताई, ही घरची वस्तू. घरीच असायला हवी. आणि बाबांच्या वेळी चिखलातून ही काढायचो तर मीच.'

का रे? अंगण मोकळं व्हायला हवं होतं ना? झालं ना मोकळं? मग?

मी स्वयंपाकघरात चहा ओततेय तोवर ह्यांनी किल्ली दिली! 'अगं, भाऊच आहे. एक चक्कर मारून आणतो म्हणाला.' भाऊच आहे! किल्लीला काय कळतं भाऊ आहे का भंगारवाला? मागे-पुढे धूळ उडवत वाघोबा गेले. मला आतून कळलं, ही जीप आता माझ्या परसात परत येत नाही. त्याच्या दारात शोभणार, आणि मी भाऊ-बहिणीत वाईटपणा नको म्हणून गप्प बसणार.

आणि दुपारी तो फोन!

हे मला गाडीतून घेऊन गेले. तळ्याच्या काठाला, जिथे शहाणा माणूस म्हैससुद्धा नेत नाही, तिथे बाबांची जीप पोटापर्यंत रुतलेली. हे डांबरी रस्त्यावरच थांबले, 'माझे बूट...' म्हणाले. सगळ्यांचे बूट नवेच असतात हो! भावजय आणि पोरं काठावर, मिस्त्रीला तर माझ्या आधी बोलावलेलं, आणि तो सांगतोय, 'साहेब, गियरबॉक्स गेला. उतरवावा लागेल.' आणि भाऊ आत, उंच गादीवर, दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन... दांडा ओढतोय!

मी म्हटलं, 'अरे, चकत्या फिरवल्यास का?'

'कसल्या चकत्या?'

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही हो. चेहरा कोरा! 'ताई, दांडा ओढला की गाडी निघते. मीच तर काढायचो लहानपणी. तू काहीतरी बिघडवलंयस.'

म्हणजे... म्हणजे एवढी वर्षं ह्या माणसाला वाटत होतं की गाडी तो काढायचा! मी खाली उतरून काय करत होते असं वाटायचं याला? फुलं वेचायला जात होते? आणि बाबा! बाबांनी कधी एका शब्दाने सांगितलं नाही, की अरे, तुझी ताई तिकडे चिखलात आहे म्हणून तू वाघ आहेस! भावावरचा राग एकदम बाबांवरच गेला. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. मी चिडले. तळ्याकाठी उभी राहून मनात वाट्टेल ते बोलले त्यांना.

तेवढ्यात भाऊ काय म्हणतो? 'बरं, असतील चकत्या. तुला माहितीय ना त्या? मग तू उतर ना चिखलात. माझे बूट नवे आहेत.'

बस्स! म्हटलं, 'खाली उतर.'

'मी?'

'तू! त्या गादीवरून उतर. मी बसणार तिथे. आणि तू चकत्या फिरवणार!'

आधी नव्या बुटांकडे बघितलं. पण उतरला. पचाक्! गुडघ्यापर्यंत. एक बूट तिथेच राहिला. 'ताई, कुठल्या बाजूला फिरवू?' 'ताई, हात निसटतोय!' 'ताई, पलीकडे कसा जाऊ?' म्हटलं, 'बॉनेटला धरून जा, मी जायची तशी!' शेवटी खालून आवाज आला, रडवेला, 'झालं...'

मी दांडा ओढला. एका हाताने. पहिला गियर टाकला, हळूच क्लच सोडला, आणि जीप अशी निघाली म्हणून सांगू! पुढची चाकं चिखल खात खात वर चढली, आणि मागच्या चाकांनी उडवलेला चिखल सगळा वाघावर! काठावरून पोरं टाळ्या पिटतायत, आणि मिस्त्री, अहो, तो मिस्त्री, चिखलात उभ्या माझ्या भावाला काय म्हणतो? 'वा साहेब! काढलीत गाडी!'

थांबले नाही. चिखलात थांबायचं नसतं, पुन्हा रुतते. सरळ वर. मागून भाऊ ओरडतोय, 'ताई, असली कटकट मला नको! ठेव तुझ्याकडेच!' ऐकलंत? सगळ्यांसमोर म्हणाला, मिस्त्रीसमोर म्हणाला, भावजयीने ऐकलं! जीप माझी! आयुष्यात पहिल्यांदा त्या पुढच्या गादीवर बसून मी मोठ्यांदा हसले हो, एकटीच, वेड्यासारखी.

तशी डांबरी रस्त्यापाशी आले. आणि आठवलं. बाबांचा नियम, सडकेला लागायच्या आधी चकत्या सोडायच्या, नाहीतर पुढचे गियर घासतात. ब्रेक दाबला. सवयीने, स्टीअरिंग धरून, मान न वळवता, अगदी बाबांच्या आवाजात तोंडातून निघून गेलं, 'चला, चकत्या!'

शेजारची जागा रिकामी. मागची रिकामी. भाऊ तिकडे बूट शोधतोय. आमचे हे गाडीच्या काचेआडून 'जपून' अशी खूण करतायत.

आता मला सांगा. जीप माझी, म्हणजे चकत्याही माझ्याच ना?

मग उतरायचं कोणी?

...उतरले.