कोणता फोटो ठेवायचा?

देशकर : थांबा काकू. आत्ता माऊसवरून हात मागं का घेतलात?

प्रमिलाबाई : भेव वाटलं, सर. हे काय इचारून राह्यलं, समजलंच नाई.

देशकर : सोपं आहे की. 'फाइल आधीच आहे. रिप्लेस करायची? यस की नो?'

प्रमिलाबाई : रिप्लेस म्हन्जे बदलाचं, थे समजते मले. पन यस म्हनलं तं कोनता फोटो जाते, अन् नो म्हनलं तं कोनता?

देशकर : यस म्हटलं की नवा येतो, जुना पुसला जातो.

प्रमिलाबाई : थे इथं कुठी लिवलं हाये?

रीता : सर, हेच दाखवायला तुम्हाला नागपूरहून इथं समुद्रपूरला, आईच्या स्टुडिओत आणलं. आपल्या ऑफिसात स्क्रीनवरची ही चौकट सगळ्यांना कळते, कारण ती आपणच लिहिलीय.

देशकर : पण इतक्या फोटोवाल्यांकडं आपलं सॉफ्टवेअर चालतंय. एकाची तरी तक्रार आली का?

रीता : कशी येईल? लोकांना वाटतं, चूक आपलीच. आईलाही तसंच वाटलं. आई, आचलच्या लग्नाचं सांग नं सरले.

प्रमिलाबाई : राहू दे व.

रीता : सांग. त्यायले माहीत होऊ दे.

प्रमिलाबाई : आचल माही भाची, सर. हिंगणीच्या माह्या भावाची पोरगी. मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, फोटो मीच काहाडले. कॉम्प्युटरमंदी टाकले, कॅमेऱ्याचं कार्ड खाली केलं. दुसऱ्या दिवशी इथं एका पोरीची हळद होती. कार्ड खाली केलं का ह्या कॅमेऱ्यात फोटोचे नंबर पुना एकपासून सुरू होते. रोलचा जमाना होता तवा असं काई नव्हतं. हळदीचे फोटो टाकाले बसली, तं हेच आलं समोर. मले वाटलं, फोटो आत घेऊ का म्हनून इचारते. यस दाबलं. पुना आलं, पुना यस. मंग कटाळून 'सगळ्यायले यस' दाबलं.

रीता : आणि आचलच्या वरमाळेच्या जागी हळद आली. लग्नाचा एकही फोटो उरला नाही.

प्रमिलाबाई : दादाले तोंड कसं दाखवू? दिवाळीले मी माहेरी गेलीच नाई.

देशकर : रीता, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?

रीता : सांगितलं असतं तर तुम्ही दोन मिनिटं हळहळला असता, सर. म्हणून सुटीत घरी बसून दुसरी चौकट तयार केली. आई, आता हे पाह्य. मी काईच नाई सांगत तुले.

प्रमिलाबाई : अव माय, दोनीच्या दोनी फोटो दिसून राह्यले! 'या नंबरचा एक फोटो आधीच आहे. कोणता ठेवायचा?' इकडं कौशल्याबाईच्या नातवाचं बारसं, तिकडं शाळेचं गॅदरिंग. खाली तारखा बी हायेत. मंग एकबी काऊन पुसाचा? हे पाहा, 'दोन्ही ठेवा'. दाबलं.

देशकर : रीताकडं वळूनही पाहिलं नाहीत तुम्ही.

प्रमिलाबाई : तिले कायले इचारू? समोर लिवलं हाये नं.

देशकर : बरं. आणि हा पुढचा?

प्रमिलाबाई : हा तं दोनीकडं एकच फोटो हाये. 'जुना ठेवा', 'नवा ठेवा'... यातला जुना कोनता व, रीता?

रीता : कॉम्प्युटरमंदला.

प्रमिलाबाई : पन कॉम्प्युटरमंदला तं मी काल उजळ केलता. त्याची तारीख नवी दाखवून राह्यली. कार्डावरचाच जुना झाला मंग.

रीता : हो नं. जुना-नवा हे शब्दच नको मंग. थांब जरासी.

(रीता कीबोर्ड ओढून घेते, शब्द बदलते, चौकट पुन्हा उघडते.)

प्रमिलाबाई : 'कॉम्प्युटरमधला ठेवा', 'कार्डावरचा ठेवा'. हां, आता झालं! उजळ केलेला कॉम्प्युटरमंदी हाये, थोच ठेवला.

देशकर : रीता, एक सुचवू? 'कार्डावरचा ठेवा'च्या खाली स्पष्ट लिही, 'कॉम्प्युटरमधला पुसला जाईल'. आणि 'सगळ्यांसाठी हेच करा' ही सोय फक्त 'दोन्ही ठेवा'ला दे. पुसायचं असेल तर दरवेळी विचारू दे.

रीता : सर, तुम्हीच म्हणत होतात, लोक वाचत नाहीत, दोन बटणं पुरे.

देशकर : म्हणत होतो. आत्ता काकूंना वाचताना पाहिलं. पुढच्या वेळी सॉफ्टवेअर जाईल ते हीच चौकट घेऊन. मराठीत, याच शब्दांत.

रीता : खरंच?

देशकर : मी स्वतः पाठवतो. छान काम केलंस.

प्रमिलाबाई : सर, मले गावातल्या बाया इचारते, तुही पोरगी नागपूरले कॉम्प्युटरवर काय करते? मले सांगताच नाई ये. आता सांगीन.

रीता : काय सांगशीन?

प्रमिलाबाई : सांगीन, कॉम्प्युटर मानसाले जे इचारते नं, थे माही रीता लिवते.

देशकर : वा, काकू. मलाही असं सांगता आलं नसतं.

प्रमिलाबाई : अन् सर, हे दुसऱ्यायच्या दुकानातबी दिसन?

देशकर : सगळीकडं. यवतमाळ, चंद्रपूर, पार गडचिरोलीपर्यंत.

प्रमिलाबाई : म्हन्जे गडचिरोलीले एखादी बाई एकटीच दुकानात बसली असन, तं तिच्यासमोरबी हेच येईन?

रीता : हो आई. हेच.

प्रमिलाबाई : मंग थे बाई वाचन, अन् आपलं आपनच ठरवन.