क्रमांक एकोणीसच्या मॅडम

...नाही, पण मला एक सांगा, यात माझी चूक कुठे आहे? खरं तर हे मी सांगणार नव्हते. आईने तीनतीनदा बजावलंय, ‘हे घराबाहेर गेलं ना, तर माझ्याशी गाठ आहे!’ पण तुम्ही काही आमच्या शाळेतले नाही, आणि गुरुवारपासून माझ्या पोटात जे मावत नाहीये ते कुठेतरी ओतायलाच हवं ना? एरवी मी बोलतच नाही. कुणालाही विचारा. वर्गात माझा आवाज फक्त हजेरीला निघतो, तोसुद्धा अर्धा.

तर आमची आई. विज्ञानाची शिक्षिका, माझ्या नाही, दुसऱ्या शाळेत. तिथली प्रयोगशाळा म्हणजे तिचं दुसरं अपत्य. पहिली मी, पण बाटल्यांना तिने जितक्या मायेने चिठ्ठ्या चिकटवल्यात तितक्या मायेने माझ्या वह्यांना कधी नाही. आणि वरून आलं परिपत्रक! विज्ञानाच्या सगळ्या शिक्षकांनी पाच दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा करायची, प्रमाणपत्र मिळवायचं, नाही मिळालं तर प्रयोगशाळा दुसऱ्याच्या ताब्यात. आईचा चेहरा असा झाला, की जणू कुणी मलाच दत्तक मागितलंय... नाही, त्याहून वाईट झाला.

शाळा सकाळची, कार्यशाळा दुपारी. पडद्यावर चाळीस चौकटी, नावं नाहीत, नुसते शाळांचे क्रमांक. आमची आई क्रमांक एकोणीस. आणि तुम्हाला सांगते, शिक्षक विद्यार्थी झाले की काय होतं ते देवाने कुणाला दाखवू नये! जन्मभर ‘कळलं का?’ विचारणारी ही चाळीस माणसं. मार्गदर्शक मॅडमनी गोड आवाजात विचारलं, ‘कळलं का सगळ्यांना?’ आणि एक हात वर नाही! कुणी शेंगा सोलतंय, कुणी कॅमेरा छताकडे करून गायब, एक सर एवढे मन लावून मान डोलावत होते, की मला आदर वाटला, मग घोरणं ऐकू आलं. मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही.

त्यात हजेरीची तऱ्हा अशी, की मध्येच टिंग वाजतं, पडद्यावर येतं, ‘आपण उपस्थित आहात का?’ मिनिटाच्या आत ‘होय’ दाबायचं. दोनदा हुकलं की नाव बाद. पहिल्याच दिवशी टिंग वाजलं आणि आई मोठ्यांदा ओरडली, ‘आहे, आहे! इथेच आहे!’ दाबलं काहीच नाही. म्हणजे एक संधी गेली. त्या दिवसापासून मी तिच्या शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, स्टुलावर.

गुरुवारी, चौथ्या दिवशी, तिच्या शाळेतून शिपाईकाकांचा फोन. ‘मॅडम, रसायनांच्या कपाटातून भयंकर वास येतोय.’ झालं! आईने कॅमेरा बंद केला आणि धावली गॅलरीत, ‘खिडक्या उघडा! कशाला हात लावू नका! वास कसा आहे, सडक्या अंड्यासारखा की झोंबणारा?’ आणि इकडे... टिंग. मी दाबलं. दाबायलाच हवं होतं ना? प्रयोगशाळा गेली असती! मी दाबलं, आणि पडदा गर्रकन बदलला. चर्चेसाठी चौघाचौघांचे गट पाडले होते. आणि आमच्या गटात कोण? आमचे अधोरेखित सर! माझ्याच वर्गाला विज्ञान शिकवणारे! प्रत्येक वाक्यानंतर ‘अधोरेखित करा’ म्हणतात म्हणून ते नाव.

विषय होता ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती, वर उलटा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी वर चढतं. का? सर म्हणाले, ‘सोपं आहे. ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली. अधोरेखित करा.’ आता, हा प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात मी शंभर वेळा पाहिलाय. मी आपली गप्प. पण मार्गदर्शक मॅडम आमच्या गटात डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘क्रमांक एकोणीस, तुम्ही बोलत नाही. तुम्ही आहात ना?’

आईचा आणि माझा आवाज फोनवर सारखा येतो. मामासुद्धा फसतो. मी डोळे मिटले आणि म्हटलं, ‘बघा हं. ऑक्सिजन संपण्यामुळे पाणी चढत असेल, तर मेणबत्ती जळत असतानाच हळूहळू चढायला हवं. पण ते भसकन चढतं कधी? ती विझल्यावर! कारण आतली तापलेली हवा गार होते, आकसते, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ग्लास तोच ठेवून तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर जाईल. ऑक्सिजन काय तिप्पट झाला का?’

आणि सर, हो, सर म्हणाले, ‘वा मॅडम! डोळे उघडलेत. किती वर्षं झाली तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘पंधरा.’ खरंच होतं ते!

आई परत आली (वास गणिताच्या बाईंच्या, त्याच कपाटात विसरलेल्या डब्याचा होता), तेवढ्यात मार्गदर्शक मॅडम सगळ्यांसमोर जाहीर करत होत्या, ‘क्रमांक एकोणीस, हाच प्रयोग उद्या कॅमेऱ्यासमोर करून दाखवा. त्यावरच तुमचं प्रमाणपत्र.’ आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘कोणता प्रयोग?’ मी सांगितलं. तिने कपाळाला हात लावला, ‘अगं, ही कॉपी झाली! यासाठी मी पोरांचे पेपर हिसकावून घेते!’ दोनदा फोन उचलला, खरं सांगून टाकते म्हणून. दोनदा खाली ठेवला. मग म्हणाली, ‘आणि बुडबुड्यांचं सांगितलंस? सुरुवातीला तापलेली हवा काठाखालून निसटते, ते?’

‘विसरले.’

‘अर्धा मार्क गेला.’

शुक्रवारी तिने प्रयोग असा केला म्हणता, घोरणारे सरसुद्धा जागे! शनिवारी प्रमाणपत्र आलं.

आणि आज सोमवार. सर वर्गात म्हणाले, ‘मुलांनो, मेणबत्तीचं जे अधोरेखित केलंय ते खोडा. एका थोर मॅडमनी माझी चूक दाखवली.’ सर मनाने मोठे, यात वाद नाही. पण मग त्यांची नजर फिरत फिरत मागच्या बाकावर. ‘तू गं! ऊठ. पाणी का चढतं? विचार करून सांग.’

मला सगळं येत होतं. बुडबुड्यांसकट! पण तोंड उघडलं असतं, तर दुसऱ्या वाक्याला सरांनी आवाज ओळखला असता, आणि आईची प्रयोगशाळा...

मी म्हटलं, ‘येत नाही, सर.’

हा बघा वहीतला शेरा. ‘मुलगी विज्ञानात अत्यंत कच्ची. घरी कुणाला विज्ञान येत असल्यास रोज अर्धा तास समजावून द्यावे. पालकांची सही आवश्यक.’ अधोरेखित केलंय! आता बाबांना दाखवला तर ते हसून हसून लोळणार, आणि आईला दाखवायचा तर मला सांगा, एकाच उत्तरासाठी तिला प्रमाणपत्र आणि मला शेरा, म्हणजे या घरात विज्ञान नक्की कुणाला...

‘अगं एऽ, कुठे आहेस? तुझी विज्ञानाची वही दे बघू जरा!’

आले गं! ...तर मी काय म्हणत होते, सही तिचीच घ्यावी लागणार, पण तिने जर खाली बुडबुड्यांसकट उत्तर लिहिलं ना, तर सर लगेच ओळखतील, की...