क्लाउडवर आलेला नवा फोटो

दवाखान्यात बसलेल्या शिंपीणबाईंच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडलं.

"आई, घरचे सगळे जुने फोटो मी क्लाउडवर चढवत होते ना? त्यात एक नवाच आलाय. दादाच्या फोनवरून."

"काहीतरीच काय! घर सोडून गेल्यापासून त्याचा पत्ता आहे का कुणाला?"

"पण फोन अजून आपल्याच खात्याला जोडलेला आहे. फोटो काढला की आपोआप इथे येतो. हा आज सकाळचा आहे."

"फोन दुसऱ्या कुणाकडे गेला असेल."

"हा हात बघ. वाकडी करंगळी."

"अगं बाई! आणि मांडीवरचं बाळ कुणाचं?"

"नाक बघ ना त्याचं. अगदी तुझं."

आतून शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्या जागच्या हलल्याच नाहीत.